मित्रावरचा निबंध

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका संध्याकाळी माझा दहा वर्षांचा मुलगा शाळेची वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. हिंदीच्या गृहपाठात ‘माझा प्रिय मित्र’ या विषयावर वीस ओळी लिहून न्यायच्या होत्या आणि त्याला पहिलीच ओळ सुचत नव्हती. मी नुकताच कचेरीतून आलो होतो. अर्धवट राहिलेल्या एका टिपणीचे मुद्दे डोक्यात घोळत होते. तेव्हा चहा पिता पिता मी त्याला तो निबंध तोंडी सांगितला आणि त्याने तो निमूटपणे उतरून घेतला. निबंधातील मित्र हुशार होता, वर्गात नेहमी पहिला येत असे, वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळीत असे, अडल्यानडल्यास अभ्यासात मदत करी. आणि शेवटी प्रथेप्रमाणे कृष्ण-सुदाम्याचा दाखला देऊन आम्ही दोघांनी त्याचा निरोप घेतला. निबंधास दहापैकी नऊ गुण मिळाले. वही परत आली त्या दिवशी मुलाने गुणांचा उल्लेखसुद्धा केला नाही. त्याने एवढेच विचारले, “बाबा, हा मुलगा कोण आहे?”

मला उत्तर देता आले नाही. मराठी आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन मी पदवी घेतली आहे आणि कचेरीत मसुदे लिहिण्यात माझा हात बरा समजला जातो. परंतु कचेरीतील मसुद्याचे एक मर्म वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल: तो लिहावयाचा नसतो, मागची फाईल पाहून तयार करावयाचा असतो. मी मुलाच्या मित्राचेही तेच केले होते. मागच्या फाईलवरून एक मित्र तयार केला, खाली सही मुलाची घेतली आणि त्यावर नऊ गुण मंजूर झाले.

हा काल्पनिक मित्र मी एकट्याने निर्माण केलेला आहे असे मात्र नाही. त्याचे वय बरेच मोठे आहे. मराठीत मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एकाचे नावच मुळी ‘बालमित्र’ असे होते. बेर्कें या फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकाच्या इंग्रजी अवतारावरून सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ते १८२८ मध्ये मराठीत आणले. पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ मासिक काढले आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. या मंडळींचे ऋण फार मोठे आहे आणि त्याविषयी अनादराने बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु थोरांनी मुलाचा मित्र म्हणून जो पुढे केला तो बहुधा वेष पालटून आलेला गुरुजीच असतो, हे आपण मनाशी कबूल करावयास हरकत नसावी. तो कधी खोटे बोलत नाही, उसने घेतलेली वस्तू परत करतो, आणि त्याच्या संगतीत राहिल्याने गणित सुधारते. असा मुलगा आपल्यापैकी कोणाचा मित्र होता? माझा तरी नव्हता.

येथे आपल्या जुन्या ग्रंथांतील एक गंमत सांगावीशी वाटते. पंचतंत्र राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी रचले गेले, हे प्रसिद्धच आहे. त्याचे पहिले तंत्र ‘मित्रभेद’ आणि दुसरे ‘मित्रसंप्राप्ती’. म्हणजे मैत्री कशी मोडते ते आधी, आणि ती कशी जुळते ते नंतर. पुढे नारायण पंडिताने त्याच कथांच्या आधारे हितोपदेश रचला तेव्हा त्याने हा क्रम उलटा केला. ‘मित्रलाभ’ आधी आणि ‘सुहृद्भेद’ मागाहून. त्याने असे का केले असावे याविषयी विद्वान काय म्हणतात हा भाग वेगळा. मला आपले वाटते की, मुलांच्या हाती पुस्तक द्यावयाचे तर त्याच्या प्रारंभीच मैत्री मोडलेली दाखवू नये, अशी काहीशी दया त्याच्या मनात आली असावी. नैसर्गिक क्रम हाच, असे कोणीही म्हणेल. परंतु बदलीच्या नोकरीत वाढणाऱ्या मुलाला विचारावे. त्याच्या आयुष्यात पंचतंत्राचाच क्रम खरा असतो.

माझा मुलगा नागपूरला जन्मला, पाचव्या वर्षी भोपाळला गेला आणि आठव्या वर्षी जयपूरला आला. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांचे शिक्षण बदल्यांमुळे तुटू नये म्हणून १९६३ मध्ये केंद्रीय शाळांची योजना निघाली आणि लष्करी तुकड्यांच्या वीस शाळांपासून तिचा आरंभ झाला. आज त्या योजनेचा विस्तार आपण सर्वच जाणतो, आणि तिचा हेतू किती शहाणपणाचा होता हेही. पुस्तक तेच, गणवेश तोच, धडाही जेथे सुटला तेथूनच पुढे. फक्त बाकावर शेजारी बसणारा मुलगा तेवढा सरकारला एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवता येत नाही. भोपाळ सोडताना माझ्या मुलाने तेथील मित्राला शेवटच्या दिवसापर्यंत काहीच सांगितले नव्हते. सामानाचा ट्रक दारात लागला तेव्हा त्या मुलाला कळले. ‘का नाही सांगितलेस?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तो आधीपासूनच दुसऱ्याशी खेळायला लागला असता.” हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाचे आहे. मी ते तेव्हा हसण्यावारी नेले.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रातील दोन संपूर्ण प्रकरणे, आठवे आणि नववे, मैत्रीला दिली आहेत. न्यायालाही त्याने एकच दिले आहे. उपयोगासाठी, सुखासाठी आणि सद्गुणासाठी असे त्याने मैत्रीचे तीन प्रकार मानले, आणि तरुणांची मैत्री सुखासाठी असते, म्हणून ती चटकन जुळते आणि चटकन तुटते, असा निर्वाळा दिला. महाविद्यालयात हे वाचताना मला ते फार पटले होते. आता तितकेसे पटत नाही. त्याच्याच दुसऱ्या एका विचाराकडे मन अधिक वळते. अंतरामुळे मैत्री नाहीशी होत नाही, तिचा व्यवहार तेवढा थांबतो; पण दुरावा फार लांबला तर मैत्रीचाच विसर पडतो, असे तो म्हणतो. हा तत्त्ववेत्ता स्वतः उत्तरेकडील स्तगिरा या गावचा. अथेन्समध्ये त्याने आयुष्याची कितीतरी वर्षे काढली ती परका रहिवासी म्हणूनच. हे वाक्य त्याने कोणाला आठवून लिहिले असेल, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. असो.

त्या नऊ गुणांची टोचणी मनात असतानाच येथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचे दिवस आले. दरवर्षी उत्सवात एक हस्तलिखित अंक काढण्याची प्रथा आहे आणि त्यात मुलांची काही पाने असतात. त्या वर्षी मुलांना विषय दिला होता ‘मैत्री’. मला वाटले, प्रायश्चित्ताची संधी आयतीच चालून आली. मी मुलाला म्हटले, “या वेळी मी एक अक्षरही सांगणार नाही. जे खरे असेल ते लिही, आणि मराठीत लिही.” तो पहिल्या दिवशी नुसताच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, “खरं म्हणजे सगळं खरं?” मी मोठ्या रुबाबात म्हटले, “सगळं.” या ‘सगळं’ शब्दाचे मला तेव्हा काहीच वाटले नाही.

त्याला तीन संध्याकाळी लागल्या. आम्ही परकोट्याच्या आत, त्रिपोलिया बाजाराच्या मागच्या बाजूस, एका जुन्या हवेलीत दोन खोल्या घेऊन राहतो. या भागात घरांच्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत आणि मुलांचे खरे जग त्या गच्च्यांवरच असते. पलीकडच्या गच्चीवरचा एक मुलगा हा त्याचा मित्र. निबंध दीड पानाचा होता. मकरसंक्रांतीच्या दिवशी जयपूरचे आकाश पतंगांनी कसे भरून जाते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचा पहिला परिच्छेद कळेल. माझ्या मुलाचा पतंग त्याच मित्राने कापला आणि भर गच्चीवर ‘वो काटा’ म्हणून ओरडला. मग दोघांनी दोन आठवडे तोंड पाहिले नाही. मग एके दिवशी त्या मुलाने भिंतीवरून फिणीचा एक तुकडा पुढे केला. त्याच्या घरी संक्रांतीची फिणी इतके दिवस कशी उरली, हे मला आजही कळलेले नाही. बहुधा त्याने ती मुद्दाम ठेवली असावी. यापैकी काहीच आम्हा आईबापांना ठाऊक नव्हते. निबंधात एके ठिकाणी त्याने ‘चरखी’ असा शब्द लिहिला होता. मी सवयीने तो खोडून ‘फिरकी’ केला. तो म्हणाला, “फिरकी नागपूरला असते. त्याच्याकडे चरखी आहे.” मी दुरुस्ती तशीच ठेवली, कारण निबंध मराठीत होता.

शेवटच्या सहा ओळींत एक गुपित होते. ते त्या मित्राचे होते, त्याने ते फक्त माझ्या मुलाला सांगितले होते, आणि त्यामुळेच ‘तो माझा मित्र आहे’ असे माझ्या मुलाने लिहिले होते. ते गुपित काय होते, हे मी येथे सांगणार नाही. वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. पण पुढील हकीकत वाचल्यावर ते मला क्षमा करतील अशी आशा आहे.

निबंध वाचून मी भारावून गेलो. त्याच संध्याकाळी उत्सवाच्या वर्गणीसाठी दोन सद्गृहस्थ घरी आले. दोघेही आपल्याच सेवेतील, वयाने आणि हुद्द्याने माझ्याहून मोठे. चहा झाला, आणि मी तो निबंध त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, शेवटच्या सहा ओळींसकट. त्यांपैकी एकांचे डोळे पाणावले. दुसरे म्हणाले, हा अंकाच्या पहिल्या पानावर गेला पाहिजे. मी मान वर केली तेव्हा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो काही बोलला नाही. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी मी त्याला गच्चीवर गाठले आणि विचारले की, तुला सांगावयाचे नव्हते तर तू लिहिलेस कशाला? तो म्हणाला, “मी मराठीत लिहिलं होतं.” मला अर्थबोध होईना. तेव्हा त्याने तुटक तुटक जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: येथे शाळेत हिंदी, रस्त्यावर ढूंढाडी आणि वर्गात इंग्रजी. मराठी कोणालाच येत नाही. ती फक्त घरात आहे. म्हणून तिच्यात लिहिलेले कोणी वाचणार नाही. “पण मी वाचणार होतोच की,” मी म्हटले. “तुम्ही वाचायचं होतं,” तो म्हणाला, “त्यांनी नाही. ते त्याचं होतं.”

परप्रांतात राहून मराठी टिकवण्याविषयी आपण भाषणे पुष्कळ ऐकली आहेत. मीही एकदोन दिली आहेत. भाषा म्हणजे संस्कृतीचा ठेवा, भाषा म्हणजे आईचे दूध, वगैरे. परंतु मराठी ही एक कुलूप लावलेली पेटी आहे, आपल्या माणसाखेरीज ती कोणाला उघडता येत नाही, आणि म्हणून सर्वांत मोलाची वस्तू तिच्यात ठेवावी, असा मराठीचा उपयोग मी कधी मनात आणला नव्हता. तो एका मुलाने शोधून काढला होता. आणि किल्ली ज्याच्या हाती त्यानेच पेटी पाहुण्यांसमोर पालथी केली.

दुसऱ्या दिवशी मी त्या सद्गृहस्थांकडे जाऊन निबंध परत मागितला. त्यांनी तो दिला, पण वाद घातल्याशिवाय नाही, आणि त्यांचा वाद सहज बाजूला सारण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, “त्या मुलाला मराठी येत नाही. आपला अंक त्याच्या घरी कधी जाणार नाही. त्याला कधीच काही कळणार नाही. मग त्याचे नुकसान काय झाले? आणि लाभ पाहा. शंभर मुले हा निबंध वाचून आपल्या मित्राविषयी काही खरे लिहावयास शिकतील.” ते गृहस्थ सज्जन आहेत आणि त्यांचा हेतू निर्मळ होता. त्या वेळी मला एकच उत्तर सुचले, तेही सरकारी. मी म्हटले, “१९६४ च्या आचरण नियमांप्रमाणे आपण कार्यालयीन माहिती अधिकाराशिवाय कोणाला देत नाही. ती माहिती ज्याला मिळाली त्याला तिचा उपयोग झाला नाही, म्हणून चौकशी थांबते का?” ते हसले आणि त्यांनी कागद माझ्या हाती दिला.

पण घरी येताना माझे उत्तर मलाच अपुरे वाटू लागले. नियमभंग का वाईट, हे नियमाने सांगता येत नाही. त्या मुलाला कळणार नव्हते हे खरेच. त्याचे अन्न, वस्त्र, लौकिक यांतील कशालाही धक्का लागणार नव्हता. मग बिघडले ते कोठे? याचे उत्तर पुन्हा माझ्या मुलाच्याच तोंडून आले. तो त्या दिवसांत गच्चीवर कमी जाऊ लागला होता. आईने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “तो दिसला की मला आठवतं.” त्या मित्राचे काहीच गेले नव्हते, परंतु माझा मुलगा आता त्याच्यासमोर पूर्वीसारखा उभा राहू शकत नव्हता. ज्याच्याशी प्रतारणा झाली त्याला पत्ता नसतो आणि तरीही ती दोघांच्या मध्ये येऊन बसते. लाभ-हानीचा हिशेब मांडणाऱ्या तत्त्वज्ञांना ही वस्तू कोणत्या रकान्यात घालावी याची अडचण पडते. मलाही पडली. पण म्हणून ती वस्तूच नाही, असे म्हणणे मला यापुढे जमणार नाही.

मग मुलांना मित्राविषयी लिहावयास सांगूच नये काय? काही दिवस मला तसे वाटत होते. माझ्या पत्नीने एक प्रश्न विचारला आणि त्याने तो विचार आणखी बळावला. ती म्हणाली, “त्याला लिहायला सांगितलं ते त्याला कळावं म्हणून, की आपल्याला कळावं म्हणून?” मला मान्य करावे लागले की, त्यात माझी उत्सुकताही होती. मुलगा मोठा होत होता, गच्चीवर त्याचे एक वेगळे राज्य उभे राहत होते, आणि मला तेथे प्रवेश हवा होता. निबंध हे निमित्त झाले.

तरीसुद्धा लिहिण्याने काही घडले होते, हे मी नाकारू शकत नाही. परत आणलेला कागद मुलाला देण्यापूर्वी मी पाहिला, तेव्हा एक गोष्ट पहिल्या वाचनात सुटलेली दिसली. एके ठिकाणी त्याने आधी लिहिले होते, ‘मी त्याला मदत करतो.’ ते खोडून वर लिहिले होते, ‘आम्ही दोघे मिळून करतो.’ हा बदल कोणी सुचवला नव्हता. आपले वाक्य डोळ्यांसमोर दिसले तेव्हा त्यातील लहानशी फुशारकी त्याला आपोआप बोचली असावी. बोललेले वाक्य हवेत जाते. लिहिलेले आपल्याकडे पाहत राहते. मित्राविषयी खरे लिहावयास बसलेले मूल मित्रापेक्षा स्वतःलाच अधिक तपासते, आणि हे काम कृष्ण-सुदाम्याच्या दाखल्याने होत नाही. त्यासाठी पतंग कापणारा, ओरडणारा, फिणी लपवून ठेवणारा असा एखादा खरा मुलगाच लागतो.

जयपुरात राहून या विषयावर लिहावयाचे आणि रामसिंहाचे नाव घ्यावयाचे नाही, हे शक्य नाही. १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि मिर्झा राजे जयसिंह यांच्या शब्दावर विसंबून पुढच्या वर्षी शिवाजी महाराज आग्र्यास गेले. तेथे दरबारात जे घडले ते मराठी मुलास सांगावे लागत नाही. त्यानंतर महाराजांच्या जिवास धोका उत्पन्न झाला तेव्हा मिर्झा राजांचा पुत्र रामसिंह आड उभा राहिला. माझ्या पित्याच्या वचनावर आलेल्या माणसास मारावयाचे तर आधी मला मारा, अशा आशयाचे त्याने कळवले आणि महाराजांसाठी जामीन लिहून दिला. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज निसटले. रामसिंहाची दरबारबंदी झाली, मनसब गेली. हा सारा तपशील आपल्याला ज्या साधनांवरून इतका जवळून दिसतो त्यांत आंबेरच्या पदरी असलेल्या माणसांनी आग्र्याहून मायदेशी धाडलेली राजस्थानी पत्रे आहेत. जयपूर संस्थानच्या दप्तरातील या पत्रांचा संग्रह जदुनाथ सरकार आणि रघुबीरसिंह यांच्या नावाने १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रे लिहिणारा परकालदास हा, आजच्या भाषेत बोलावयाचे तर, आपल्यासारखाच एक परगावी नेमलेला कारकून. त्याने पाहिले ते लिहिले: कोण केव्हा आले, कोण काय बोलले, चौकी कोठे बसली. परंतु महाराज निसटणार हे रामसिंहास ठाऊक होते की नव्हते, या एका प्रश्नावर बादशहाने संशय घेतला, इतिहासकारांनी तर्क केले, आणि अखेरचे उत्तर कोणाच्याच हाती लागलेले नाही. रामसिंहाने ते कोठे लिहून ठेवले नाही. मला पूर्वी याची खंत वाटे. हल्ली वाटत नाही.

याच शहरात १७५१ च्या जानेवारीत मराठ्यांची सरसकट कत्तल झाली, हेही सांगितले पाहिजे. त्याआधी जेमतेम महिनाभर राजा ईश्वरीसिंहाने मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्यास कंटाळून विष घेतले होते. त्याने उभारलेला विजयस्तंभ, ईसरलाट, आमच्या गच्चीवरून दिसतो. माझा मुलगा आणि त्याचा मित्र त्याच्याच दिशेने पतंग उडवतात. या दोन इतिहासांपैकी कोणता मुलांना आधी सांगावा, हा पुन्हा पंचतंत्र की हितोपदेश असाच प्रश्न आहे. मी तो अद्याप सोडवलेला नाही.

साने गुरुजींनी १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात आणि एकमेकांचे व्हावे, ही तळमळ त्यामागे होती. आपण परप्रांतस्थ मराठी माणसे तिचे नाव आदराने घेतो. परंतु आपल्या समारंभांतून ती मुलांपर्यंत पोहोचते तेव्हा तिचे निबंध होतात: ‘माझा राजस्थानी मित्र आणि राष्ट्रीय एकात्मता.’ माझ्या मुलाची मैत्री राजस्थानशी नाही. ती एका भिंतीपलीकडच्या एका मुलाशी आहे, आणि तो मुलगा राजस्थानी आहे हे त्याच्या निबंधात कोठेही आलेले नव्हते. फक्त ‘चरखी’ हा शब्द होता, आणि तो मी खोडला होता.

गुरुजींचेच एक जुने उदाहरण मला अखेर उपयोगी पडले. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ते वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित काढीत आणि त्यासाठी स्वतः लिहीत. मुलांनी लिहावे म्हणून केवळ विषय देऊन ते बाजूला बसले नाहीत. मी मात्र मुलाकडून ‘सगळं’ मागितले होते आणि स्वतःचे काहीच पुढे ठेवले नव्हते. तेव्हा एका रविवारी मी बसलो आणि ‘माझा मित्र’ या विषयावर एक पान लिहिले. ते या निबंधापेक्षा पुष्कळ कठीण गेले. नागपूरला महाविद्यालयात माझा एक मित्र होता. अंतिम परीक्षेत मी उत्तीर्ण झालो, तो झाला नाही. मला नोकरी लागल्यावर त्याचे एक पत्र आले. त्यात मागणे काहीच नव्हते, केवळ चौकशी होती. पण मला ती चौकशी मागण्यासारखी वाटली आणि मी उत्तर दिले नाही. पुढे भोपाळ, पुढे जयपूर. व्यवहार थांबला आणि मग विसर पडला, असे अ‍ॅरिस्टॉटलचे नाव घेऊन मी स्वतःला समजावीत आलो होतो. लिहावयास बसलो तेव्हा दिसले की विसर एक दिवसही पडलेला नव्हता.

ते पान मी मुलाच्या हाती दिले आणि म्हटले, “हे फक्त तुझ्यासाठी आहे.” त्याने ते दोनदा वाचले. मग विचारले, “आई?” मी म्हटले, “आईलासुद्धा नाही, तिला मी स्वतः सांगेन.” त्याने पान घडी करून आपल्या पतंगाच्या सामानाच्या डब्यात ठेवले, त्याचा निबंधही तेथेच आहे. जाता जाता म्हणाला, “त्याला आता लिहा ना. फोन नंबर नाही का?” नंबर नाही. जुना पत्ता आहे. दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीतून मी एक अंतर्देशीय पत्र आणले आणि त्यावर तो पत्ता लिहिला. आतली बाजू लिहून व्हावयास तीन आठवडे लागले. पत्र गेले; उत्तर आलेले नाही. मुलगा पहिल्या महिन्यात रोज विचारी, मग आठवड्याने विचारू लागला.

आता प्रस्तुत लेखाविषयी. हा लेखही मराठीतच आहे आणि त्या मुलाच्या घरी तो कधी जाणार नाही. म्हणजे मी पुन्हा तेच करीत आहे काय, ही शंका मला लिहिताना क्षणोक्षणी आली. म्हणून हस्तलिखित पुरे झाल्यावर मी ते प्रथम मुलाला वाचावयास दिले. आता तो अकरा वर्षांचा आहे. पेन्सील घेऊन तो माझ्या टेबलाशी बसला आणि सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. मित्राच्या घराविषयीची दोन वाक्ये त्याने पुरती गिरवून काढली. मला ती चांगली साधली होती, पण मी काही बोललो नाही. मकरसंक्रांतीच्या परिच्छेदात माझ्याकडून पुन्हा एकदा ‘फिरकी’ असा शब्द पडला होता. तो त्याने खोडला आणि वर ‘चरखी’ असे लिहिले.